पुण्यात शिकायला येताय? वसतिगृह, कॉट आणि मेस : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

निकाल लागले की मराठवाडा, विदर्भ, खानदेश, सोलापूर, कोकण अशा सगळीकडून तेच प्रश्न येऊ लागतात. कधी विद्यार्थी विचारतो, कधी वडील, तर कधी गावातले सर. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात किंवा त्याच्या संलग्न कॉलेजांत येणाऱ्यांचे असे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. नियम आणि रकमा वर्षागणिक बदलतात, म्हणून अर्ज करताना त्या वर्षीची सूचना वाचायचीच. एक विनंती मात्र आधीच करतो. प्रवेशाची जेवढी तयारी करता तेवढीच राहण्याचीही करा. हुशार मुलं पहिल्या सहामाहीत परत गेलेली आम्ही पाहिली आहेत, आणि त्यांच्यापैकी बहुतेकांना अभ्यास नीट झेपत होता. झेपलं नव्हतं ते खोलीचं भाडं.

१. विद्यापीठात एम.ए.ला नंबर लागला. आता वसतिगृह आपोआप मिळेल ना?

नाही. प्रवेश विभाग देतो आणि खोली वसतिगृह कार्यालय देतं. दोन्हींचे अर्ज वेगळे, याद्या वेगळ्या, पैसेही वेगळे. विभागात फी भरल्याची पावती हातात आली की त्याच दिवशी वसतिगृहाचा अर्ज कधी सुरू होतो आणि कधी बंद होतो ते विचारून घ्या. गावी जाऊन आठवड्याने परत येऊ आणि मग बघू, असं म्हणणाऱ्यांची मुदत नेमकी त्याच आठवड्यात संपते.

खोली मिळते तीही एका शैक्षणिक वर्षापुरती. दुसऱ्या वर्षी पुन्हा अर्ज करावा लागतो आणि पहिल्या वर्षाचा निकाल जोडावा लागतो. बॅकलॉग असेल तर अडचण येऊ शकते, हे पहिल्या सत्रापासूनच लक्षात असू द्या.

२. मी संलग्न कॉलेजात आहे. गणेशखिंडीतल्या विद्यापीठाच्या वसतिगृहात राहता येईल का?

नाही. ती वसतिगृहं आवारातल्या विभागांत शिकणाऱ्यांसाठी, म्हणजे मुख्यतः पदव्युत्तर आणि संशोधक विद्यार्थ्यांसाठी आहेत. पदवीच्या प्रमाणपत्रावर पुणे विद्यापीठाचं नाव येणार म्हणून आवारात राहता येईल, असा अनेक पालकांचा समज असतो. फर्ग्युसन, स. प., मॉडर्न अशा जुन्या कॉलेजांची स्वतःची वसतिगृहं आहेत आणि त्यांचे अर्ज त्या त्या कॉलेजातच करायचे. सीओईपी हे जुनं अभियांत्रिकी कॉलेज २०२२ पासून स्वतंत्र विद्यापीठ आहे, त्यामुळे तिथला कारभारही वेगळा. कॉलेजला वसतिगृहच नसेल तर प्रश्न ५ पासून पुढे वाचा.

३. खोल्या कशावर वाटतात? ओळख लागते का?

गुणवत्ता, आरक्षण आणि घराचं अंतर, या तीन गोष्टींवर. ओळखीचा शोध घेण्यात जून घालवू नका, त्या वेळात कागद गोळा होतील. 'सीट करून देतो' म्हणून कोणी पैसे मागितले तर देऊ नका आणि ही गोष्ट लपवूही नका. वसतिगृह प्रमुखांकडे लेखी कळवा.

पुणे आणि पिंपरी-चिंचवड परिसरात घर असलेल्यांना सहसा खोली मिळत नाही. (चाकण, तळेगाव, हडपसरच्या पुढे राहणाऱ्यांनी प्रश्न १७ पाहावा.)

४. कागदपत्रं कोणती, आणि आधी कोणती काढायची?

सर्वांत आधी उत्पन्नाचा दाखला, कारण तो तहसीलमधून येतो आणि जून-जुलैत तिथे झुंबड असते. तो चालू आर्थिक वर्षाचा हवा. मागच्या वर्षीचा जोडल्यामुळे कितीतरी अर्ज परत येतात. त्यानंतर अधिवास प्रमाणपत्र, जातीचा दाखला, लागू असेल तिथे नॉन-क्रिमीलेअर, आणि जातवैधता. जातवैधतेला महिने लागू शकतात. अकरावी-बारावीत असतानाच तिचा अर्ज करून ठेवलेला बरा, आणि धाकट्या भावंडांनाही हे आजच सांगा.

याशिवाय शाळा सोडल्याचा दाखला, गुणपत्रिका, प्रवेशाची पावती, बोनाफाईड, आधार, फोटो आणि वैद्यकीय दाखला लागतो. रॅगिंगविरोधी हमीपत्र विद्यार्थी आणि पालक दोघांनी ऑनलाइन भरायचं असतं, तेही दरवर्षी. बँक खातं तुमच्या स्वतःच्या नावावर आणि आधारशी जोडलेलं हवं. वडिलांच्या खात्यावर शिष्यवृत्ती येत नाही. प्रत्येक कागदाच्या चार-पाच झेरॉक्स काढून एका फाइलमध्ये ठेवा आणि सगळ्यांचे फोटो फोनमध्येही असू द्या.

५. यादीत नाव नाही. आता काय?

पहिली यादी शेवटची नसते. प्रवेश रद्द होतात, काहींना दुसरीकडे नोकरी किंवा प्रवेश मिळतो, आणि जागा रिकाम्या होतात. दुसऱ्या यादीपर्यंत थांबा, पण हात बांधून बसू नका. शासकीय वसतिगृह (प्रश्न ६), भत्त्याच्या योजना (प्रश्न ७), संस्थांची वसतिगृहं आणि कॉट (प्रश्न ९) या चारही वाटांवर एकाच वेळी चालायचं.

संस्थांची वसतिगृहं ही महाराष्ट्राची खरी मिळकत आहे. राजर्षी शाहू महाराजांच्या काळात कोल्हापुरात १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू झालं, पुढे वेगवेगळ्या समाजांची बोर्डिंगं उभी राहिली, १९०८ साली अस्पृश्य मानल्या गेलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग निघालं. कर्मवीर भाऊराव पाटलांनी साताऱ्यात सगळ्या जातींची मुलं एका पंगतीला बसवली. राहण्या-जेवण्याची सोय झाल्याशिवाय गरिबाचं पोर शिकत नाही, हे या माणसांनी शंभर वर्षांपूर्वी ओळखलं होतं. पुण्यात त्याच जातकुळीचं काम विद्यार्थी साहाय्यक समिती १९५५ पासून करते आहे. ग्रामीण भागातल्या, बेताच्या परिस्थितीतल्या मुलामुलींना तिथे कमी खर्चात राहता येतं, मात्र अर्ज वेळेत करावा लागतो, मुलाखत होते आणि सामूहिक कामात हात लावावा लागतो. वेगवेगळ्या समाजांच्या ट्रस्टची वसतिगृहंही पुण्यात बरीच आहेत. आपल्या तालुक्यातून आधी पुण्यात गेलेल्या कोणाला तरी विचारा, कारण ही माहिती जाहिरातीत सापडत नाही.

६. समाजकल्याणचं वसतिगृह म्हणजे काय? तिथली परिस्थिती कशी असते?

सामाजिक न्याय विभागाची मुलांची आणि मुलींची शासकीय वसतिगृहं आहेत. राहणं, जेवण मोफत, वर शैक्षणिक साहित्य आणि निर्वाह भत्ता. आदिवासी विकास विभागाची वसतिगृहं वेगळी आहेत, इतर मागास बहुजन कल्याण विभागाचीही अलीकडे सुरू झाली आहेत. ही वसतिगृहं कोणत्याही एका कॉलेजची नाहीत, त्यामुळे संलग्न कॉलेजात शिकणाऱ्यांनाही ती खुली आहेत. इथल्या अधिकाऱ्यांना गृहपाल म्हणतात.

परिस्थिती सगळीकडे सारखी नाही, हे खरं सांगायला हवं. काही इमारती चांगल्या आहेत, काही भाड्याच्या जागेत आहेत, आणि काही ठिकाणी पाणी, स्वच्छतागृहं आणि जेवणाच्या दर्जावरून मुलांना सतत भांडावं लागतं. आदिवासी वसतिगृहांत २०१८ साली मेसऐवजी जेवणाचे पैसे खात्यावर देण्याचा निर्णय झाला, तेव्हा त्याविरोधात विद्यार्थी पुण्याहून नाशिककडे पायी निघाले होते. पैसे उशिरा आले तर त्या दिवशी जेवायचं काय, हा त्यांचा प्रश्न होता आणि तो आजही रास्त आहे. तरीसुद्धा घरून पैसे येण्यासारखी परिस्थिती नसेल तर या वसतिगृहाचा अर्ज सोडू नका. तिथे नंबर लागला नाही तरी पुढच्या योजनेसाठी तो अर्ज केलेला असावा लागतो.

७. स्वाधार, स्वयं, आधार, पंजाबराव देशमुख… यातली माझ्यासाठी कोणती?

तुमचा प्रवर्ग आणि अभ्यासक्रम पाहून ठरतं.

अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. शासकीय वसतिगृहासाठी पात्र असून जागेअभावी प्रवेश न मिळालेल्यांना बाहेर राहण्यासाठी पैसे मिळतात. मुंबई, पुणे, पिंपरी-चिंचवड, नागपूर अशा मोठ्या शहरांत भोजन भत्ता ३२,०००, निवास भत्ता २०,००० आणि निर्वाह भत्ता ८,००० असे वर्षाला ६०,००० रुपये. इतर महसुली विभागीय शहरं आणि क वर्ग महापालिका क्षेत्रांत ५१,०००, जिल्ह्याच्या ठिकाणी ४३,०००. वैद्यकीय आणि अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना साहित्यासाठी ५,००० आणि इतरांना २,००० रुपये जादा. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत हवं, आधीच्या परीक्षेत किमान ५० टक्के (दिव्यांगांना ४० टक्के) गुण हवेत आणि ७५ टक्के हजेरी हवी. तुमचं घर त्याच शहरात असेल तर योजना लागू होत नाही.

अनुसूचित जमातींसाठी याच धर्तीवर पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयं योजना आदिवासी विकास विभागाकडे आहे. इतर मागास, विमुक्त जाती, भटक्या जमाती आणि विशेष मागास प्रवर्गासाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आहे. हिच्यात प्रत्येक जिल्ह्याला विद्यार्थिसंख्या ठरलेली असते, म्हणून पात्र असूनही नाव यादीत येईलच असं नाही.

खुल्या प्रवर्गातल्या अनेकांना वाटतं की आपल्यासाठी काहीच नाही. व्यावसायिक अभ्यासक्रमाला असाल आणि आईवडील अल्पभूधारक शेतकरी किंवा नोंदणीकृत मजूर असतील, तर डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना महाडीबीटी या शासनाच्या शिष्यवृत्ती संकेतस्थळावर पाहा. मजुरीची नोंदणी बांधकाम कामगार म्हणून असेल तर तिचं नूतनीकरण झालेलं आहे का, हे वडिलांना आधी विचारा.

दोन योजनांचा निवासाचा लाभ एकाच वेळी घेता येत नाही. शासकीय वसतिगृहात राहून स्वाधारही घेतलं, तर वसुली लागते.

८. स्वाधारचा हप्ता डिसेंबर उजाडला तरी आला नाही. घरमालक थांबत नाही. काय करू?

हा प्रश्न दरवर्षी येतो आणि दरवर्षी राग येतो. योजना चांगली आहे, पण भाडं महिन्याच्या महिन्याला द्यायचं असतं आणि हप्ता कधी येईल ते तारखेत सांगता येत नाही. म्हणून स्वाधार मंजूर झालं तरी पहिले काही महिने त्यावर विसंबून खोली घेऊ नका. तो पैसा मागून येणार असं धरूनच आखणी करा.

हप्ता अडला की आधी आपल्या बाजूचं तपासा. खात्याला आधार जोडलेला आहे का? हजेरीचं प्रमाणपत्र कॉलेजने दिलं का? भाडेपावती किंवा करार लावला का? सगळं ठीक असेल तर समाजकल्याण सहायक आयुक्तांच्या कार्यालयात लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. तोंडी विचारलेल्याची कुठेच नोंद राहत नाही. चार-पाच जणांनी मिळून अर्ज दिलेला जास्त बरा.

तोवरच्या खर्चासाठी कर्मवीर भाऊराव पाटील कमवा व शिका योजना आहे. विभाग, ग्रंथालय, कार्यालय, बाग अशा ठिकाणी काही तास काम आणि तासावर मानधन. विद्यापीठातही आहे आणि बऱ्याच संलग्न कॉलेजांतही. नोंदणी सत्राच्या सुरुवातीलाच होते, अडचण आल्यावर नव्हे. मोबाइलवरच्या झटपट कर्जाच्या अॅपला मात्र हात लावू नका. पाच हजारांचं देणं वाढत जातं आणि वसुलीवाले तुमच्या फोनमधल्या प्रत्येक नंबरला फोन करतात. त्यापेक्षा विभागातल्या एखाद्या प्राध्यापकांना किंवा विद्यार्थी विकास मंडळाला मोकळेपणाने सांगा. मागायला लाज वाटते हे समजतं, पण मदत करणारे शिक्षक आपल्याकडे अजून आहेत.

९. 'कॉट बेसिस' म्हणजे काय? घेताना काय बघायचं?

खोली तुमची नसते, खाट तुमची असते. एका खोलीत तीन, चार, कधी सहा कॉट, एक कपाट किंवा अर्धं कपाट, सामाईक संडास-बाथरूम आणि माणशी भाडं. सदाशिव, नारायण, शनिवार पेठेत स्पर्धा परीक्षेची मुलं असल्यामुळे मागणी जास्त. शिवाजीनगर, औंध, कर्वेनगर, धनकवडी, कात्रज इकडेही कॉट मिळतात. विद्यापीठात शिकत असाल तर भाडं आणि बसचा वेळ एकत्र मोजा. कात्रजला पाचशे रुपये वाचले आणि रोजचे दोन-अडीच तास रस्त्यावर गेले, तर ते स्वस्त पडत नाही.

बघायला दिवसा जा आणि एकदा रात्री नऊलाही जा. भेटायचं तिथे आधीपासून राहणाऱ्या मुलांना, मालक समोर नसताना. पाणी किती वाजता येतं, टाकी शेवटची कधी धुतली, गरम पाणी मिळतं का, वीजबिल कसं वाटतात, रात्री गेट किती वाजता बंद होतं. खिडकी उघडते का ते स्वतः उघडून पाहा. लोखंडी पत्र्याचे पार्टिशन टाकून केलेल्या खोल्यांत बाहेर पडायचा रस्ता एकच असेल, तर कितीही स्वस्त असली तरी घेऊ नका. आग लागली तर जीव जाईल, आणि मी हे शब्द जपून वापरतो आहे.

पाण्याबद्दल जास्तच आग्रहाने सांगायचं आहे. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्ता परिसरात गुइलेन-बारे सिंड्रोम या नसांच्या गंभीर आजाराचे रुग्ण एकदम वाढले. रुग्णांच्या तपासणीत कॅम्पायलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू सापडला आणि संशय दूषित पाण्यावर गेला. शहराच्या कडेला टँकर आणि विहिरीच्या पाण्यावर चालणाऱ्या इमारती पुष्कळ आहेत. पाणी कुठून येतं ते विचारा. शंका असेल तर प्यायचं पाणी उकळून घ्या किंवा मेडिक्लोरचे थेंब टाका. पावसाळ्यात ड्रम आणि बादल्या झाकून ठेवा, डेंग्यूचे डास तिथेच होतात.

१०. करार करायचा की नाही? डिपॉझिट परत मिळेल का? आणि भाड्यावर जीएसटी लावतात ते बरोबर आहे का?

चौघांनी मिळून फ्लॅट घेत असाल तर लेखी आणि नोंदणीकृत लिव्ह अँड लायसन्स करार हवाच. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे, आणि करार नोंदवलेला नसेल तर वाद झाल्यावर अटींबद्दल भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरतात, उलट सिद्ध होईपर्यंत. पोलिसांकडे भाडेकरूची माहिती द्यावी लागते, त्यासाठी आधार आणि बोनाफाईडची प्रत द्या.

कॉटला करार बहुतेक होत नाही. तिथे निदान पावती मागा. पैसे रोख न देता यूपीआयने द्या आणि शेऱ्यात 'डिपॉझिट' असं लिहा. राहायला जायच्या दिवशी खोलीचे, भिंतींचे, कपाटाचे फोटो काढून मालकाला पाठवून ठेवा, म्हणजे सोडताना जुन्या ओलीचे पैसे तुमच्याकडून कापले जाणार नाहीत. नोटीस एक महिन्याची की दोन, ते पहिल्याच दिवशी लिहून घ्या.

जीएसटीचं म्हणाल तर जुलै २०२४ पासून नियम स्पष्ट झाला आहे. माणशी महिना २०,००० रुपयांपर्यंत भाडं आणि सलग किमान ९० दिवसांचा मुक्काम असेल, तर अशा निवासावर जीएसटी नाही. विद्यार्थ्यांच्या कॉटचं भाडं या मर्यादेच्या खूप खाली असतं.

११. मुलींच्या वसतिगृहाचं गेट लवकर बंद होतं, मुलांचं नाही. हे नियमात बसतं का?

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या लैंगिक छळ प्रतिबंधासंबंधीच्या २०१५ च्या विनियमांत स्पष्ट म्हटलं आहे की सुरक्षिततेचं कारण देऊन मुलींच्या वसतिगृहांना मुलांपेक्षा वेगळे, भेदभावाचे नियम लावू नयेत. प्रत्यक्षात वेळा वेगळ्या दिसतात. जयकर ग्रंथालयात अभ्यास करणाऱ्या किंवा प्रयोगशाळेत उशिरापर्यंत काम असणाऱ्या मुलींचं त्यात खरं नुकसान होतं. विभागप्रमुखांचं पत्र घेऊन उशिरा येण्याची लेखी परवानगी मागा, आणि वेळ सगळ्यांसाठी बदलावी असं वाटत असेल तर वसतिगृहातल्या मुलींनी सह्यांचं निवेदन देताना या विनियमांचा उल्लेख जरूर करा.

छळाची तक्रार अंतर्गत तक्रार समितीकडे, घटनेपासून तीन महिन्यांच्या आत. वसतिगृहातली घटनाही त्यात येते.

१२. मित्राला वसतिगृह मिळालं नाही. माझ्या खोलीत राहिला तर चालेल का?

आवारात अशा मुलाला 'पॅरासाइट' म्हणतात. हा शब्द मला कधीच आवडला नाही. जमिनीवर गादी टाकून झोपणारा मुलगा मेहनती असतो, त्याला फक्त जागा मिळालेली नसते. दोन खाटांच्या खोलीत चार जण राहतात तेव्हा दोष त्या चौघांचा नाही, कमी बांधलेल्या वसतिगृहांचा आहे.

पण नियम विचाराल तर चालत नाही. तपासणीत सापडलं तर दंड होतो आणि तुमची खोली जाऊ शकते. शिवाय खोलीतल्या दुसऱ्या सोबत्याची संमती नसेल तर त्याच्यावर तो अन्याय आहे, पाणी आणि संडास सगळ्यांना कमी पडतात, आणि आजारपणात किंवा अपघातात त्या मित्राची कुठेच नोंद नसते. दोन-चार दिवसांचा प्रश्न असेल तर पाहुणा म्हणून रीतसर नोंद करा आणि शुल्क भरा. त्या दिवसांत दोघे मिळून कॉट शोधा, आणि प्रश्न ५ मधले अर्ज त्याच्याकडून भरून घ्या. हे खरं मित्राचं काम.

१३. मेस लावायची की डबा? 'खाडे' म्हणजे काय?

जेवायला गेला नाहीत तो दिवस म्हणजे खाडा. काही मेसमध्ये सलग तीन दिवसांपेक्षा जास्त खाडे आधी सांगून केले तरच पैसे वजा होतात, काही ठिकाणी अजिबात होत नाहीत. पैसे भरायच्या आधी हे विचारा. दिवाळीच्या महिन्यात याच एका गोष्टीवरून सगळ्यात जास्त वाद होतात.

रविवारी संध्याकाळी बहुतेक मेस बंद असतात, दुपारी फीस्ट असते. पूर्ण महिन्याचे पैसे भरण्याआधी चार दिवस कूपनवर जेवून पाहा. चपात्या मोजून आहेत की अमर्याद, डाळ-भाजी पातळ होते का, आणि हात धुवायला साबण आहे का. विद्यापीठात राहत असाल तर रिफेक्टरीचं, म्हणजे आवारातल्या भोजनगृहाचं, जेवण बाहेरच्यापेक्षा स्वस्त पडतं.

पैसे संपत आले की मुलं पहिल्यांदा जेवण कमी करतात. एक वेळचा डबा दोघांत खातात, सकाळी चहा-क्रीमरोलवर भागवतात. असं करू नका. शेंगदाणे, गूळ, फुटाणे, अंडी, केळी ही स्वस्त आणि पोटाला आधार देणारी सोय आहे. घरून चटणी, मेतकूट, भाजणी आणा.

१४. खोलीत शेगडी किंवा पाणी तापवायची कॉइल चालते का?

जवळपास सगळ्या वसतिगृहांत बंदी आहे आणि ती योग्य आहे. जुन्या वायरिंगवर प्रत्येक खोलीत कॉइल लागली तर मुख्य बोर्ड जळतो, आणि कॉइल बादलीत असताना पाण्यात हात घालून शॉक बसण्याचे प्रकार घडतात. गरम पाण्याचा सोलर बंद असेल तर तक्रार वहीत लिहा, तारीख टाका आणि वहीच्या पानाचा फोटो ठेवा.

१५. गादीत ढेकूण झालेत. काय करू?

एकट्याने करून उपयोग नाही, कारण ते शेजारच्या खोलीत जातात आणि परत येतात. पूर्ण मजल्यावर एकाच दिवशी औषध मारायला लावा आणि दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा, कारण अंड्यांवर पहिल्या फवाऱ्याचा परिणाम होत नाही. चादरी उकळत्या पाण्यात भिजवा. लोखंडी कॉटच्या सांध्यांत आणि नळ्यांच्या टोकांत उकळतं पाणी ओता. लाकडी फळीच्या भेगा बघा. बाजारातली जहाल औषधं बंद खोलीत फवारून तिथेच झोपू नका. त्याने माणसं दगावतात.

१६. सीनियर रात्री खोलीत बोलावून 'इंट्रो' घेतात. हे रॅगिंग आहे का? तक्रार केली तर पुढे राहायचं कसं?

हो, आहे. मनाविरुद्ध उभं करणं, गाणं म्हणायला लावणं, असाइनमेंट लिहून घेणं, जातीवरून किंवा बोलीवरून खिजवणं, हे सगळं त्यात येतं. महाराष्ट्र रॅगिंग प्रतिबंध कायदा १९९९ नुसार दोन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. विद्यापीठ अनुदान आयोगाचे २००९ चे विनियमही आहेत; त्यांत नव्या विद्यार्थ्यांना शक्यतो वेगळ्या इमारतीत ठेवावं असं सांगितलं आहे. तशी व्यवस्था तुमच्या वसतिगृहात आहे का, हे पालकांनी प्रवेशाच्या दिवशीच विचारावं.

चोवीस तास चालणारी हेल्पलाइन १८००-१८०-५५२२. तिथे नाव गुप्त ठेवून तक्रार करता येते. मित्रानेही तुमच्या वतीने केली तरी चालते. भीती वाटणं साहजिक आहे, म्हणून तक्रारीबरोबरच खोली बदलून द्यावी अशी लेखी मागणी करा आणि घरी त्याच दिवशी सांगा. 'आम्हीही सोसलं' असं म्हणणाऱ्या मोठ्या भावाचं या बाबतीत ऐकू नका.

१७. घर पुणे जिल्ह्यातच आहे, पण जाण्यायेण्यात चार तास जातात. तरी स्थानिकच धरणार का?

नियमाची रेषा बहुतेक वेळा महापालिकेच्या हद्दीवर असते, बसच्या वेळेवर नसते. जुन्नर, भोर, इंदापूर, राजगड (आधीचा वेल्हे) अशा तालुक्यांतले विद्यार्थी अर्ज करू शकतात. हद्दीच्या आतल्यांनी विशेष बाब म्हणून अर्ज द्यावा आणि सोबत कारण कागदावर आणावं, जसं की रात्री उशिरापर्यंतची प्रयोगशाळा, दिव्यांगत्व किंवा घरची परिस्थिती.

दिव्यांग विद्यार्थ्यांनी तळमजल्याची खोली, रॅम्प आणि कमोडची मागणी अर्जातच लिहावी. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ प्रमाणे ही सोय करणं संस्थेचं कर्तव्य आहे, उपकार नव्हे.

१८. पीएचडीला जेआरएफ (संशोधनासाठीची शिष्यवृत्ती) मिळाली. वसतिगृहात राहिलो तर घरभाडे भत्ता मिळेल का?

नाही. संस्थेची खोली स्वीकारली की घरभाडे भत्ता मिळत नाही. खोली नाकारून बाहेर राहायचं असेल तर वसतिगृह घेतलेलं नाही असं प्रमाणपत्र जोडावं लागतं. पैशाचा हिशेब करताना आवारात राहण्यामुळे वाचणारा वेळही धरा. मुदत संपत आली आणि प्रबंध अर्धा असेल, तर वाढीव मुदतीचा अर्ज मार्गदर्शकांच्या शिफारशीसह आधीच द्या.

१९. पदवी झाली, आता एमपीएससी करतोय. विद्यापीठाच्या वसतिगृहात किंवा स्वाधारमध्ये बसतो का?

चालू वर्षात अभ्यासक्रमाला प्रवेश नसेल तर दोन्हीकडे नाही. फक्त खोलीसाठी एखाद्या एम.ए.ला प्रवेश घेऊन वर्गात न जाणारेही असतात. त्यांना ७५ टक्के हजेरीची अट आडवी येते आणि खऱ्या गरजूची जागा अडते. स्पर्धा परीक्षेसाठी बार्टी (अनुसूचित जाती), सारथी (मराठा, कुणबी), महाज्योती (इतर मागास, विमुक्त, भटके), टीआरटीआय (अनुसूचित जमाती) या शासकीय संस्थांच्या प्रशिक्षण योजनांत विद्यावेतन असतं, ते आपापल्या प्रवर्गाप्रमाणे पाहा.

२०. सुट्टीत राहता येतं का?

दिवाळीत सहसा येतं, मेस मात्र बंद असते. उन्हाळ्यात खोली रिकामी करावी लागते. संशोधक, प्रकल्प करणारे आणि फेरपरीक्षा असणाऱ्यांना विभागाच्या पत्रावर मुदत मिळते. घरी परत जाण्यासारखी परिस्थितीच नसेल, तर तेही वसतिगृह प्रमुखांना सांगा.

२१. रात्री तब्येत बिघडली, किंवा मन फार खचलंय. कुणाला सांगू?

शरीराचं असेल तर आधी रखवालदार आणि वसतिगृह प्रमुख, सोबत १०८ रुग्णवाहिका. विद्यापीठात आरोग्य केंद्र आहे. मोठ्या उपचारांना ससून हे सरकारी रुग्णालय. रक्तगट आणि घरचा नंबर कपाटाच्या दारावर आतून लिहून ठेवा, म्हणजे सोबत्याला शोधावं लागणार नाही.

मनाचं असेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत. सोबती चार दिवस जेवत नसेल, कुणाशी बोलत नसेल, तर त्याला एकटं सोडू नका. खोलीत जातीवरून टोमणे, वेगळं ताट, वेगळा माठ असे प्रकार होत असतील तर ते 'रूममेटशी जमत नाही' या सदरात टाकू नका. समान संधी कक्षाकडे लेखी तक्रार करा. अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांबाबत अॅट्रॉसिटीचा कायदाही लागू होतो.

२२. खोली सोडताना काय करायचं?

चावी आणि सामान मोजून द्या, मेस, ग्रंथालय आणि वसतिगृहाचा ना-देय दाखला घ्या, आणि अनामत रकमेच्या परताव्याचा अर्ज त्याच दिवशी मूळ पावतीसह द्या. पावती हरवली म्हणून हजारो मुलं हे पैसे सोडून देतात असं ऐकतो, म्हणून पावतीचा फोटो फोनमध्ये ठेवायचाच. खाजगी कॉटवाल्याने डिपॉझिट अडवलं तर आधी लेखी निरोप पाठवा, प्रश्न १० मधले फोटो आणि यूपीआयची नोंद जोडा, आणि तरीही दिलं नाही तर ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवा. बादली, गादी, टेबल-पंखा भंगारात देऊ नका. जुलैत येणाऱ्या एखाद्या मुलाच्या नावाची चिठ्ठी लावून खालच्या खोलीत ठेवून जा.